मारिका यात

रवि., १३ एप्रिल. डीमन
सभागृह भरलेलं. जयंतीला चाळीस मिनिटं बोललो, एकदाही कागद पाहिला नाही. टेबलावर हेंकचा डबा. शेजारचा डच हेंक, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. मांडायला त्यानेच विश्वासाने दिला होता. तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा, झाकणावर ठोकून उठवलेले मोर. नेपाळातल्या पाटणच्या नेवार कारागिरांचं काम. तळाशी कोरलंय: सं ११०३, मारिका यात. मी लोकांना उलगडून सांगितलं. विक्रम संवत, सत्तावन्न वजा, इ.स. १०४६. यात मारिका, म्हणजे मारीची देवी. हजार वर्षांचा करंडक, आतली मूर्ती गायब. हेंक म्हणतो, भेट मिळाला. त्यालाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणालो, प्रत्येक लुटारू 'भेट' हाच शब्द वापरतो. टाळ्या थांबेनात.
हेंक दुसऱ्या रांगेत होता. उठून गेला.
परतताना बायको, वंदना, माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

सोम., १४
दाराच्या कडीला सुपरमार्केटची पिशवी. आत डबा आणि डचमध्ये चिठ्ठी: 'जिथला असेल तिथे नेऊन दे.' आधी मला जिंकल्यासारखं वाटलं. लिहून ठेवतो, लपवणार नाही.
मैत्री शाळेतून आली, चिठ्ठी वाचली. "बाबा, यू कॉल्ड हिम अ थीफ." लेकीचा डचचा अभ्यास दर बुधवारी हेंक घेतो. मी तत्त्वाचं बोलायला लागलो. ती सायकल काढून निघून गेली.

शनि., १९
फेल्डहोवन. शाक्यजींकडे. इथे चिप बनवायच्या मशीनवर इंजिनियर, पण घराणं पाटणच्या धातुकारांचं. डबा कोणत्या विहाराला परत द्यायचा, एवढंच विचारायला गेलो होतो. त्यांनी डबा उलटा केला, कडेवरून नख फिरवलं. मग हिंदीत, "भाईसाब, आप तो इतना पढ़ते हैं."
पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा, कारखान्यात लाटलेला. हाताने ठोकलेला कुठे जाड, कुठे पातळ लागतो. अक्षरंही आजची देवनागरी. हजार वर्षांपूर्वी अशी कुठून असणार? आणि सं म्हणजे विक्रम नाहीच. नेवारांचा स्वतःचा नेपाळ संवत. त्यात ८७९ मिळवायचे. १९८२-८३.
"और यह 'यात'?"
"हमारी भाषा में 'को'. मारिका को." मग हसून, "आपने मराठी में पढ़ लिया?"
मारिकाला. यात कोणी देवी नाही. करंडकही नाही, करंडा. नवरीला द्यायचा कुंकवाचा करंडा.
"कौन है मारिका?" शाक्यजींनी विचारलं. मला माहीत नव्हतं.

रवि., २०
हेंकच्या दारावर पितळी पाटी: एच. आणि एम. आठ वर्षं तिच्यासमोरून जातोय. आम्ही राहायला यायच्या आधीच त्याची बायको वारली, एवढंच ठाऊक.
वंदनाला विचारलं. "मारिका," ती म्हणाली. "तो पाटणला पाण्याच्या योजनेवर होता. तिथेच लग्न केलं दोघांनी. घरमालक तांबट होता, त्याने करून दिला डबा. मला दोनदा सांगितलंय त्याने. तुम्ही तेव्हा बोलत होता."
बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार उघडलं नाही.

बुध., २३
माफीची चिठ्ठी. चार मसुदे फाडले. चारही मसुद्यांत 'परंतु' आहे.
खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, हेंक ग्रोनिंगनला, मुलीकडे. इथलं घर सोडायचं म्हणतोय.


शनि., २६
ग्रोनिंगन. इथल्या राजाचा वाढदिवस, गाडीत सगळे केशरी कपड्यांत, गात होते. मांडीवर डबा घेऊन बसलो होतो.
दार हेंकने उघडलं. आत ये म्हणाला नाही. उंबऱ्यावरच सगळं सांगितलं: साल, आकडा, 'यात'. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. डबा पुढे केला, त्याने हात लावला नाही.
"दोनशे लोकांना सांगितलंस," तो म्हणाला. "आता मला एकट्याला काय सांगतोस?"
दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शुक्र., २ मे
बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागितली. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "सर, कशाला उकरून काढताय? लोक विसरले."
विसरले नाहीत. भाषणाची क्लिप फिरतेय. आज पुण्याहून मावसभावाने मलाच पाठवली. खाली लिहिलंय: काय धुतलंस दादा.
पूर्ण पाहिली. वाक्यं चांगली आहेत. तेच सोसवत नाही.

सोम., ५ मे
मैत्री डबा पुसत होती. झाकणाच्या आतल्या कडेत निळं बटण अडकलेलं. मारिका कसलं कुंकू लावणार, बटणं ठेवत असणार. हेंकने डबा रिकामा केला, हे एक राहून गेलं.
"सो शी इज इन हिअर," मैत्री म्हणाली.
उठून गॅलरीत गेलो. थोड्या वेळाने ती शेजारी येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. आमच्या घरात हे मला सोडून सगळ्यांना जमतं.

रवि., ११ मे
सभागृहातून, कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर. सेक्रेटरींनी शेवटी पाच मिनिटं दिली. "पाचच हं, सर."
दुसऱ्या रांगेत तीच खुर्ची. मैत्रीने तिच्यावर स्वतःचा कोट टाकून ठेवलाय. हेंकच्या मुलीला आजचं कळवलं होतं. सकाळी तिचा मेसेज: बाबा बूट घालून बसलेत, कुठे जायचं ते सांगत नाहीत. त्यानंतर काही नाही.
बटण पुन्हा डब्यात ठेवलं. आज कागद आणलाय. त्यावर एकच ओळ: ती भेटच होती. पुढचं सुचत नाही.
माझ्या आधी एक गीत उरलंय. पेटीवाला सूर लावतोय. मागे दार वाजलं, मान वळवायचं धैर्य होत नाही.