यमुनाबाईंचं उत्तर

बिबवेवाडी, पुणे
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपालीस,

अनेक आशीर्वाद. रविवारी आईंचं तेरावं झालं, तेव्हा आता आशीर्वाद लिहायला हरकत नसावी. इकडे सगळं ठीक. तुझ्या दादाची फर्स्ट शिफ्ट पुन्हा सुरू झाली. भाड्यानं आणलेली कॉट सोमवारी माणूस येऊन घेऊन गेला. त्या जागी काय ठेवायचं ते सुचेना, म्हणून कपडे वाळत घालायचा स्टँड ठेवलाय.

एकाच शहरात राहून वहिनी पत्रं काय पाठवते, म्हणशील. फोनवर तू रडायला लागतेस आणि मी खोटं बोलते. म्हणून हे. दोन-चार दिवसांत तुला आमच्या ऑफिसातून एक फोन येईल. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

माझं काम तुला माहीत आहे. टॅब घेऊन दारोदार जायचं आणि लोकांचं मत विचारायचं. ह्या वेळचा मुख्य प्रश्न असा, की सरकारनं पैसा आधी कशावर खर्च करावा? एक, रस्ते-पूल-मेट्रो. दोन, घरातल्या म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळायला मदत. दिवसाला बारा फॉर्म झाले पाहिजेत. पुण्यात बारा दारं उघडून घेणं म्हणजे काय, ते मला विचार. एक आजोबा म्हणाले, "पूलच बांधा. सांभाळणारं कुणी नाही, निदान पुलाखाली सावलीत बसता येईल." आणि दार लावून घेतलं. तो फॉर्म धरता येत नाही.

फॉर्म खरे आहेत का हे बघायला ऑफिस दहातल्या एकाला फोन करतं. बाई आल्या होत्या का, किती वाजता, दोन-तीन उत्तरंही पुन्हा विचारतात. ऑफिसातल्या निकितानं काल माझ्या कानावर घातलं, की ह्या वेळच्या यादीत यमुनाबाई आहेत. म्हणजे आपल्या आई. आणि नंबर तुझा आहे.

आता सांगते.

चार तारखेला मी घरी नव्हते. आई गेल्या तेव्हा मी विश्रांतवाडीत होते, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आईंना सकाळी पेज भरवली, स्वच्छ केलं, बाहेरून कुलूप लावलं आणि शेजारच्या मथुराबाईंकडे किल्ली दिली. रोज तसंच करत होते. आई घरी एकट्या असतात हे तुम्हाला कुणाला बोलले नाही, कारण मग कामाला जाऊ नको म्हणाला असतात, आणि दिवसातून ते पाच तास मला हवे होते. पैशांसाठी नाही गं. नुसती रस्त्यानं चालत होते, ते बरं वाटायचं.

सव्वाबारापर्यंत अकरा फॉर्म झाले. बारावं दार कुणी उघडेना. लवकर घरी जावं, आई एकट्या आहेत, म्हणून एका सोसायटीच्या पायरीवर बसून बारावा फॉर्म आईंच्या नावानं भरला. घरच्या माणसाचा फॉर्म चालत नाही. माझा आणि दादाचा नंबर ऑफिसात नोंदलेला आहे, म्हणून तुझा घातला. बारा वीसची वेळ आहे त्यावर. मथुराबाई एक वाजता जेवण द्यायला गेल्या, तर आई गार पडल्या होत्या. डॉक्टर लगेच आले, म्हणाले, तासभर तरी झाला असेल. तू बोटांवर मोज, मी मोजलंय.

मथुराबाईंचा फोन आला तेव्हा तुझ्या घरी चालत पाच मिनिटांत आले असते. आले नाही. तू पहिलं विचारलं असतंस, आईजवळ कोण आहे? रिक्षात बसले. पावणेतीनला पोचले, कुणाला बोलू नका म्हणून मथुराबाईंपुढे हात जोडले, आणि मग तुला फोन केला. तू विचारलंस, आईनं शेवटी माझं नाव घेतलं का? मी म्हटलं, हो, माझ्या मांडीवर डोकं होतं, तुझं नाव घेतलं. धादांत खोटं. तिथे कुणीच नव्हतं. दादाला अजून माहीत नाही. आज रात्री सांगणार आहे.

मला रडू येत नाही, रुपाली. भूक लागते, झोप लागते, मालिका बघते. ह्याचीच भीती वाटते.

ऑफिसच्या फोनला काय सांगायचं ते तू ठरव. बाई आल्या होत्या म्हणालीस तर काम राहील, नाहीतर जाईल. गेलं तर गेलं. परक्या माणसाच्या तोंडून तुला ही वेळ कळू नये, एवढ्यासाठीच लिहितेय.

अजून एक. भाऊबीजेला तू पाऊण तास बसून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सराव म्हणून आईंना सगळे प्रश्न विचारले होते. मला वाटलं, सांभाळायला मदत म्हणतील. सात वर्षं मी काय करतेय ते त्या बघत होत्या. तर म्हणाल्या, "पूल लिही." मला असा राग आला! म्हटलं, "कॉटवरून खाली उतरवत नाही, तुम्हाला कशाला हवाय पूल?" तर म्हणाल्या, "मला नको गं. रुपालीला यायला दीड तास लागतो म्हणते. पूल झाला तर दर रविवारी येईल."

त्या पायरीवर माझं बोट आधी दोनवर गेलं होतं. मग एक दाबलं. अख्ख्या खोट्या फॉर्ममध्ये तेवढं एक खरं आहे. तुझं नाव त्यांनी घेतलं होतं. शेवटी घेतलं का, माहीत नाही. पण घेतलं होतं.

वेळ विचारली तर तुला वाटेल ते सांग. उत्तर विचारलं, तर पूल सांग.

अजून म्हणत असशील तर, तुझी वहिनी
प्रेमला