हिरू डोळे मिटतो

मंगळवार, संध्याकाळ. ताईचं घर, पूनम सागर.

हिरू आजही जेवला नाही. ताई-भाऊजी गावाला गेल्यापासून त्यांचा हा इग्वाना सरडा माझ्या हवाली आहे आणि पिंजऱ्यात जास्वंदीची फुलं तशीच सुकतायत. मरणार तर नाही ना हा?

आणि मी खुशीत होतो! रोज पाठीवरून हात फिरवला की तो डोळे मिटायचा. शेजारच्या काकू तर हात जोडायच्या. "ध्यान लावतो रे तो. तुझ्या हातात काहीतरी आहे." मला खरंच वाटलं, आपण आवडतो ह्याला. नाहीतर मी कुठे इतके दिवस एका घरात टिकतो?

आज पाला आणायला निघालो आणि भलतीकडेच, हाटकेश भागातल्या मासे-पोपटवाल्या दुकानात शिरलो. दुकानदाराला मोबाइलवर हिरूचा व्हिडिओ दाखवला. तो हसला. "अरे भाई, डर रहा है तेरे से. आँख बंद किया, मतलब उसके लिए तू गायब."

सरड्याला कसलं आलंय मन, असं मीच भाऊजींना म्हणालो होतो. पण भीती कळते, तर ताई नाही हेही कळत असेल? आणि माझा हात परका आहे, हेही?

लहानपणी बाबांनी दार उघडलं की मीपण असेच डोळे मिटायचो. ते आईला म्हणायचे, पोरगं काय गाढ झोपतं बघ.

ताजी फुलं आत सरकवली. हात लावला नाही. आता भिंतीकडे तोंड करून लिहितोय आणि मागे काही चावल्याचा आवाज येतो का ते ऐकतोय.

अजून नाही.