दुसऱ्या टाकीतले निवटे

मांडवी, रत्नागिरी
मंगळवार, दुपार

चि. मनस्वी हिला मालनआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा दुखतो, पण तो आता खुशालीतच धरायचा. बाळाभावजी पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि हे मला एका दमात सांगायचं आहे.

दोन वर्षांचे कष्ट वाया गेले, शुक्रवारी सरांना सांगून पीएचडी सोडते आणि कुठल्यातरी शाळेत नोकरी धरते, असं तू परवा रडत सांगितलंस, तेव्हापासून मला घास गिळवत नाही (म्हणजे जेवते, पण चव लागत नाही). मनू, सोडू नकोस. चूक तुझी नाही आणि निवट्यांचीही नाही.

भाट्याच्या खाडीतले, चिखलात उड्या मारणारे ते निवटे आणून तू आमच्या पडवीत दोन काचेच्या टाक्यांत ठेवलेस. पहिल्या टाकीवर निळा दिवा लागला की लगेच आतल्या दगडावर सुका जवळा द्यायचा. दुसरीवरही दिवा लागायचा, पण खायला तीन तासांनी. म्हणजे पहिले निवटे दिव्याचा अर्थ शिकतील, दुसरे शिकणार नाहीत, आणि मग शिकलेल्यांच्या मेंदूतल्या पेशींत काय बदललं ते तू पुण्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघणार, हे तू मला मी कोळंबी सोलत असताना नीट समजावलं होतंस. मला कळलंही होतं, त्यामुळे 'कळलं नाही' म्हणून मी सुटणार नाही. पण दिवा लावायचा, शेजारच्या पंगतीत वाढायचं आणि दुसरीतल्यांनी काचेतून नुसतं बघायचं? लग्न होऊन या घरात आल्यापासून मी पंक्तिप्रपंच केलेला नाही (जाऊबाई विमलाला, भांडण चालू असतानाही, सुरमईचा मधलाच तुकडा वाढलाय). तेव्हा दिवा लागून तू पहिल्या टाकीपुढे वहीत मान घालून बसलीस की मी दुसरीत चिमूटभर जवळा सोडायचे. एकवीस दिवस. एकही दिवस चुकवला नाही, तेवढं मात्र शास्त्राला धरून झालं.

मग शेवटच्या दिवशी दिवा लागताच दोन्हीकडचे निवटे दगडावर येऊन बसले आणि तू म्हणालीस, माझं म्हणणंच खोटं ठरलं. अगं, खोटं कसलं, दुप्पट खरं ठरलं. ज्यांना वाढलं ते सगळे शिकले. हे तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुझा चेहरा बघून घाबरले. माफ कर. हे पत्र सरांना दाखव आणि परत ये.

तुझी,
मालनआत्या

ता.क. प्रबंधात ही चूक लिहावीच लागली तर 'एक नातेवाईक' एवढंच लिही. पुढचा प्रयोग जमला तर पूर्ण नाव चालेल.

ता.क. २. पुढचा प्रयोग मी सुरूच केला आहे. ताजे निवटे आणले, नवी वही उघडली. दुसऱ्या टाकीचं मला बघवत नाही म्हणून तिचा दिवा सासऱ्यांकडे दिला. आप्पा म्हणजे चाळीस वर्षं बोटीवर काढलेला कडक माणूस, पोटच्या पोरांचेही कधी लाड केले नाहीत. आज सकाळी बघते तर मुठीत जवळा. "दिलं नाय गो मी काय, हातात नुसतं धरलेलं," म्हणाले. सगळे निवटे दगडावर बसून त्यांच्या मुठीकडे बघत होते. तेव्हा उपाशी जिवाकडे बघत स्वस्थ बसेल असं कुणी तुमच्या प्रयोगशाळेत असेल, तर येताना त्याला घेऊन ये. त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाचं मी बघेन, काही कमी पडू देणार नाही.