मल्हारीचे वाळे

करमाड, १९८७

बिरूदादास पाया पडून,

गेल्या महिन्यात माझ्या अंगणवाडीत तुझ्या मल्हारीचं वजन मी चुकीचं लिहिलं. वहिनी म्हणाली, "चांदीचे वाळे काढू नको, दृष्ट लागंल." घरात शिकलेली मी एकटी, तरी ऐकलं. वाळ्यांसकट तो वजनाच्या तक्त्यावरच्या, जादा खाऊ कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या रेषेच्या वर गेला. तू कंपनीतून आलास आणि हसलास, "ही रेष विलायती पोरांची ना? आपलं पोर लई पुढं गेलं की!" तुझा आनंद मला मोडवला नाही, आणि अशक्त पोरांना मिळणारी जादा सुकडी मल्हारीची बंद झाली.

काल ते वाळे त्याच्या पायांतून आपोआप गळाले.

नोंद मी दुरुस्त केली, सुकडीही सुरू केली. हे पत्र मात्र टाकत नाही. रविवारी येशील तेव्हा वाळे तुझ्या हातात ठेवून सांगीन.

तू शाळेत घातलेली,
सुगंधा