फुटलेला नमुना

११ मे, सोमवार
रक्तपेढीतला फ्रिज रिकामा. ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या उरल्यात, त्यातली एक माझी. गेल्या महिन्यात दिलेली. थंडीत कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस असला की एका दिवसात इतकं रक्त येतं की ठेवायला जागा नसते. देणाऱ्या प्रत्येकाला भेट म्हणून हेल्मेट नाहीतर ट्रॅव्हल बॅग. मेमध्ये सगळे गावाला.
सकाळभर यादीतल्या दात्यांना फोन. एक म्हणे, "मॅडम, मी चिपळूणला." दुसरा, "उन्हाळ्यात अशक्तपणा येतो, आई नको म्हणते." बेचाळीस वर्षांचा माणूस.
सावंतकाका म्हणाले, "मला साठ झाली म्हणून सोडलंय, नायतर माझंच काढा म्हटलं असतं." ते आमचे शिपाई. पेढी उघडली तेव्हापासून आहेत.

१२ मे, मंगळवार
उजव्या हाताला पाच टाके. अक्षर असंच येणार.
दुपारी अडीचला वरच्या प्रसूतिगृहातून निरोप. रूपाली नावाची बाई, सव्वीस वर्षांची, बाळंत झाल्यावर रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह. पहिल्या खेपेला रक्त चढवलेलं, म्हणजे न जुळवता पिशवी देणं धोक्याचं. तिच्या रक्ताचा नमुना आला, दोन्ही पिशव्यांशी जुळवायला लावला. पाऊण तास लागतोच. काउंटरच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. वाचतं कोण.
सव्वातीनला तिचा भाऊ खाली आला. नितीन. शहाडचा. बरोबर आठ-दहा पोरं.
"पिशवी समोर दिसतेय ना फ्रिजमध्ये? दे."
मी म्हटलं, पाच मिनिटं, झालंच आहे. खरंच पाचच मिनिटं उरली होती.
"माझी बहीण मरतेय आणि तू पाच मिनिटं सांगतेस?"
मी म्हटलं, तोवर तुमच्यापैकी कुणी रक्त द्यायला बसतं का, पुढच्या पेशंटला होईल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकजण दाराबाहेर गेला. बोलायला नको होतं मी ते.
नितीनने स्टूल उचललं आणि काच फोडली. मग आत. काका मध्ये पडले. काकांना कॉलरला धरून भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काकांच्या चष्म्याची काच डोळ्यात गेली. तो आवाज. काका ओरडलेसुद्धा नाहीत, नुसतं "अगं आई" म्हणाले, हळू. मी नितीनचा हात धरला, त्याने मला झटकलं, मी फुटक्या काचांवर हातावर पडले. मग त्याने स्टूल फिरवून टेबलावर मारलं. नळ्या, स्टँड, सगळं खाली. एक पोरगं मोबाइलवर शूट करत होतं.
सिक्युरिटीवाले आले. त्याला खाली पाडून चौघांनी लाथा घातल्या. मला थांबवावंसं वाटलं नाही.
टेबलावरून खाली पडलेल्यात रूपालीचा नमुनाही होता. फरशीवर तिचं रक्त, काकांचं, माझं. वेगळं काढता येणार नव्हतं.
वरून नवा नमुना मागवला. पहिल्यापासून सुरू. डाव्या हाताने केलं, उजव्याला फडकं बांधून. पिशव्या वर गेल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते.

१३ मे, बुधवार
काकांचा डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, काढावा लागेल.
पोलीस आले घरी, ठाकुर्लीला. जबाब घेतला. मारहाणीचं सगळं सांगितलं. नमुन्याचं विचारलं नाही, मीही बोलले नाही. तेव्हा सुचलंच नाही की ते महत्त्वाचं आहे.
रूपाली व्हेंटिलेटरवर. बाळ बरं आहे. मुलगी.
विजय म्हणतो, नोकरी सोड. नवरा म्हणून हेच म्हणणार. मी म्हटलं, मग काय करू, पोळी-भाजी केंद्र? नीट बोलता येत नाहीये मला कुणाशी.

१४ मे, गुरुवार
रूपाली गेली. सकाळी साडेदहा.

१६ मे, शनिवार
घरच्यांनी तक्रार दिली. "रक्तपेढीच्या दिरंगाईमुळे मृत्यू." पेपरात आलं, आमचं नाव नाही पण कल्याणमध्ये सगळ्यांना कळतं. शूट करणाऱ्या त्या पोराचा व्हिडिओ फिरतोय. त्यात काच फुटते तिथपासून आहे आणि काका पडायच्या आधी संपतो. खाली लिहिलंय, भावाचा आक्रोश.
पेढीचे प्रमुख, आमचे सर, त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "पुरवणी जबाब द्या. नमुना त्यानेच फोडला, तासभर त्याच्यामुळे गेला. विषय संपला."
विषय संपला म्हणजे त्याला कळणार की बहीण त्याच्या हातून गेली.
सर म्हणाले, "मग? खोटं आहे का?"
खोटं नाही. पण वेळेत पिशवी गेली असती तर वाचली असती, हे तरी कुणाला माहीत? डॉक्टरही सांगत नाहीत. वरच्या सिस्टर म्हणाल्या, तीनपर्यंत बीपी होतं. साडेतीननंतर लागलंच नाही.

१८ मे, सोमवार
स्वप्नात त्याचं डोकं हातात होतं आणि मी ते फरशीवर आपटत होते. काकांसारखं. मोजत होते. उठले तर मुठी आवळलेल्या, टाक्यांतून रक्त.
वाईट वाटलं नाही. हे लिहून ठेवते.

२० मे, बुधवार
मुक्ताला मारलं. सोळा वर्षांची मुलगी. तिने तो व्हिडिओ लावला होता, मैत्रिणीला दाखवत होती, "बघ, ही माझी आई". हसत नव्हती ती, आता कळतं. मी थोबाडीत दिली, मग परत दिली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तिने डोळे मिटले, तेव्हा थांबले.
नंतर तिच्या खोलीत गेले. म्हणाली, "आई, तू त्याला मारायचंस."
म्हटलं, हो.

२५ मे, सोमवार
काकांकडे गेले, मानपाड्याला. डोळ्यावर पट्टी. काकूंनी कोकम सरबत दिलं.
पुरवणी जबाबाचं सांगितलं. मला वाटलं होतं काका म्हणतील, जाऊ द्या ताई, पोरगा आहे. काका तसेच आहेत.
काका म्हणाले, "लिहा तुम्ही. सगळं लिहा. त्याला कळू दे. मी आरशात बघतो ना रोज, त्याने पण बघावं."
काकू म्हणाल्या, "अहो, त्याची बहीण गेली."
"आणि माझा डोळा काय फिरायला गेलाय?"
एवढ्या वर्षांत काकांचा आवाज चढलेला पहिल्यांदा ऐकला. बाहेर पडताना मला म्हणाले, "पण आपली पिशवी तिच्यात गेली ना, ताई? तुमची?" म्हटलं, गेली. "मग बरं." काय बरं, ते सांगितलं नाही.

३ जून, बुधवार
नितीनला जामीन. मला आणि काकांना भेटायचं नाही ही अट. सरांनी पुन्हा विचारलं. सोमवारी अकराला पोलीस स्टेशनला जायचंय, पुरवणी जबाबाला. सरांनी मसुदा टाइप करून ठेवलाय, फक्त सही.
वाचला. सगळं खरं आहे. एक शब्द बदलायला नको.
बॅगेत ठेवला.

७ जून, रविवार
शहाडला शिबिर. सर म्हणाले, छोटंसं आहे, हॉलमध्ये, तुम्ही आणि दोन सिस्टर जा. कुणाचं ते बोलले नाहीत. हॉलच्या दारात बॅनर. रूपालीचा फोटो, हिरव्या साडीतला. तिच्या स्मरणार्थ.
गाडीत परत बसले. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं मॅडम?"
तेवढ्यात एक माणूस आला, कडेवर बाळ. महेश, रूपालीचा नवरा. त्या दिवशी हा वर तिच्यापाशी होता, मी त्याला पाहिलंच नव्हतं. म्हणाला, "मीच तुमच्याकडे फोन केला. दोन पिशव्या मिळाल्या होत्या. त्या परत करायच्या आहेत. तक्रार सासऱ्यांनी केली, मी सही नाही केली." बाळ झोपलेलं. मी उतरले.
बरेच लोक आले. त्या दिवशीच्या पोरांतले तिघे ओळखले मी. गुपचूप झोपले, हात पुढे केले. शूट करणारा सुईकडे बघून पांढरा पडला.
साडेबाराला नितीन. त्याला माहीत नव्हतं मी असेन. मला बघून दारातच थांबला. वकिलाने सांगितलेलं आठवलं असेल. मागे वळला. महेश म्हणाला, "नितीन, झोप."
झोपला. बारीक झालाय. कपाळावर लाथेची खूण अजून आहे. दोन्ही सिस्टर कामात होत्या. सुई मलाच घालायची होती. सोळा गेजची, जाड. घातली.
पिशवी भरायला लागली. "मूठ उघड-मीट कर," म्हटलं. त्याने केली. माझ्या हाताकडे बघत होता, टाक्यांच्या खुणांकडे.
"काकांचा डोळा..."
"गेला."
त्याने मान वळवली. मग छताकडे बघत म्हणाला, "ताई, एक विचारू? तुम्ही पाच मिनिटं म्हणालेला. मी रोज तेच... पाच मिनिटं म्हणालेला, मग सव्वाचार का झाले?"
महेशही बघत होता माझ्याकडे. बॅगेत तो कागद. सही केली नाही अजून.
म्हटलं, "बोलू नकोस, चक्कर येईल."
पिशवी भरली. सुई काढली, कापूस ठेवला, कोपरातून हात दुमडून दिला. बिस्किटं तिकडे आहेत म्हटलं, पाणी पी, उठ सावकाश.
तो उठला नाही. रांगेत मागे सहा-सात जण उभे होते. तो तसाच पडून, हात दुमडलेला, माझ्याकडे बघत.