भिंतीवरची पंचवीस तारीख

४ नोव्हेंबर
शुक्रवारी सिनेमा लागतोय. निर्माता नाना, शाळेपासूनचा मित्र. मन मोठं, चव शून्य. बारा जणांना आधीच बघायला प्रती दिल्यात. एखादी फुटली तर? शक्कल माझी : स्वयंपाकघराच्या सीनमध्ये भिंतीवर कॅलेंडर आहे, देतानाच प्रत्येक प्रतीत तारीख वेगळी टाकून घेतली. चोर आपला आपण सापडेल. संवाद माझे, सापळाही माझा. माझ्या प्रतीत पंचवीस.

८ नोव्हें.
काल लागला, आज लोकांच्या मोबाईलवर. थेटरात एकवीस डोकी, त्यात आमचीच सात. नाना रडला. आमच्या हिरोपेक्षा बरा रडतो.

१० नोव्हें.
सिन्नर. स्टँडसमोर संतोषचं मोबाईलचं दुकान, गिऱ्हाइकांना आमचा सिनेमा भरून देत होता. आम्ही नऊ जण, मागून पोलीस. "साहेब, मला ग्रुपवर आला. मी नाय फोडला." मी म्हणालो, "गटारही हेच म्हणतं, पाणी वरून आलं." लोक हसले. मग आमच्या पोरांनी त्याला धुतला. चष्मा गेला. मी थांबवलं नाही, वाक्य जमलं होतं ना.
नाना : "कॅलेंडर बघायचं का रे?"
मी : "चोर हातात असताना पंचांग कशाला?"
पुन्हा हशा.

१२ नोव्हें.
पेपरातल्या माझ्या सदरात आज संतोष, नावागावासकट. दिवसभर कौतुकाचे फोन. तो कोठडीत. मुख्य फोडणारा तोच, असं नानानं पोलिसांना लिहून दिलंय. मजकूर अर्थात माझा.

१३ नोव्हें.
नामपूरहून दाजींचा फोन. "भाऊ, पिच्चर भारी शे! आख्खी गल्लीले दखाडा!"
ताईचे गुडघे गेलेत, थेटरला कशी येणार, म्हणून माझी प्रत मीच पाठवली होती. कोणाला देऊ नका म्हटलं होतं. दाजींनी कोणाला दिली नाही. गल्लीच्या ग्रुपवर टाकली फक्त. एक तारखेलाच, सिनेमा लागायच्या आधी.
मोबाईलवर फिरतोय तो सिनेमा उघडला. स्वयंपाकघर. नायिका पोळ्या लाटतेय, वाईट. तिच्या डोक्यामागे पंच

१५ नोव्हें.
नाना : "सोमवारी कॅलेंडर जुळवतो. केस पक्की होईल."
"जुळव की," म्हणालो. आवाज अगदी स्वच्छ लागला.
ताईला फोन केला. गुडघ्यांची चौकशी केली, ठेवला.

१६ नोव्हें., रविवार
दारात संतोषची बायको. विचारत विचारत आली. "साहेब, अर्ज लिहून द्या. तुमचं लिहिलेलं लोक खरं मानत्यात. तुम्ही लिहिलं म्हणून ते आत गेले, तुम्ही लिहिलं तर सुटतील."
टोमणा असता तर उत्तर होतं माझ्याकडे. पण ती मनापासून बोलत होती.
हिनं तिला चहा दिला. मी आत येऊन बसलो.
'माझे पती निर्दोष आहेत. सिनेमा त्यांनी फोडलेला नाही. तो फोडला'
इथवर अक्षर चांगलं आलंय. बाहेर कप ठेवल्याचा आवाज. विचारतेय, "झालं का, साहेब?"