तुझ्या नावाची विहीर

माय, परवाच्या ग्रामसभेत तुझ्या विहिरीचा ठराव आला. नाल्याकाठची ती विहीर उपसायची, कठडा बांधायचा, मोटर बसवायची आणि वर तुझ्या नावाची पाटी लावायची. मागाहून सारं गाव नळावर आलं तेव्हापासून तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं, आणि आता एकदम साऱ्या गावाला तिच्या गोड पाण्याची आठवण झाली. सरपंचबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमच्या मायचीच विहीर म्हनतेत सारे. तुमी दोन शब्द बोलजा." मग त्यांनी ठरावातली शेवटची ओळ वाचली, या विहिरीच्या पाण्यात पावडर टाकायची नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. राग सरपंचबाईंचा नव्हता, त्या तू होतीस तेव्हा या गावात सून म्हणूनही आल्या नव्हत्या. राग तुझा आला. तुला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, आणि मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण जिवंत होतीस तेव्हा तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून आज टाकीच्या सावलीत बसून लिहितो आहे.

पंचायतीत मला पाणीपुरवठ्याची नोकरी लागली तेव्हा तू गल्लीभर साखर वाटली होतीस. पोराची नोकरी तुला आवडली, त्याने सोडलेलं पाणी मात्र कधी आवडलं नाही. सकाळी मी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायचो, चुना खाली बसेपर्यंत थांबायचो, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायचो आणि अर्ध्या तासाने नळ सोडायचो. मग गावाच्या टोकाच्या नळावर जाऊन काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर तिथवर पोचली. एवढं सगळं करून, डोळे चोळत घरी यावं तर तू विहिरीवरून दोन घागरी आणून चुलीपाशी ठेवते आहेस. "माय, नळ सोडला ना मी." "तुया पान्यानं दाळ शिजत नाई, बापू. अन् वास कसा मारते, दवाखान्यावानी." दाळ शिजत नव्हती ती बोअरच्या जड पाण्यामुळे, त्यात पावडरीचा काही दोष नव्हता. हे मी तुला शंभरदा सांगितलं असेल. मी सांगायला लागलो की तू कढईत मोहरी टाकायचीस आणि ती तडतडेपर्यंत माझं बोलणं संपून जायचं.

एकदा मी आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या औषधाची बाटली आणली. घागरीत थेंब टाकायचे, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग प्यायचं. तुझ्यापुढे बसून चार वेळा करून दाखवलं. आठ दिवसांत बाटली रिकामी झाली आणि मी मनातून खूश झालो. मग अंगणात आलो तर माझा कामावरचा मळका सदरा दुधासारखा पांढरा होऊन दोरीवर वाळत होता आणि तू शेजारणीला सांगत होतीस, "लय चांगलं औसद आनलं पोरानं, डाग राह्यला नाई." तेव्हा मीही हसलो होतो. आज आठवलं की हसू येत नाही, दात आवळले जातात.

कारण विहिरीचं पाणी नुसती तू एकटी पीत असतीस तर गोष्ट वेगळी होती. मी दारोदार सांगत फिरायचो की नळाचं प्या, विहिरीचं पिऊ नका, आणि बाया पदराआडून हसून म्हणायच्या, "तुई मायच पेत नाई, मंग आमी काऊन पेवाव?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, माझं तर माझ्या घरात विकत नव्हतं. अख्खी गल्ली तुझ्या मागे घागर घेऊन विहिरीवर जायची. त्या विहिरीला धड कठडा नव्हता आणि वरच्या अंगाला गोठे होते. आरोग्य सेविकेने पाण्याचा नमुना तपासायला पाठवला तो पिण्यास अयोग्य म्हणून परत आला. मी तो कागद तुला मोठ्याने वाचून दाखवला. तू म्हणालीस, "कागदाले चव कयते का?" गल्लीला हे इतकं आवडलं की आठवडाभर जो तो मला हेच विचारत होता.

समोरच्या घरची सून रोहणा गावची, म्हणून सगळे तिला रोहणावाली म्हणायचे. तिचा नवरा माझ्या वर्गातला. गल्लीत ती एकटी नळाचं पाणी भरायची, आणि मी टाकीवरून उतरताना दिसलो की म्हणायची, "भाऊजी, आज वास जास्त येते." मला बरं वाटायचं, कोणीतरी पितं म्हणून. तिला सातवा महिना लागला आणि तू तिच्या घरात जाऊन तिची भरलेली घागर मोरीत ओतून दिलीस. "दोन जिवाची हाय, तिले पावडरीचं पानी नोको. मी देत जाईन आनून." आणि दिलंस. नाल्याला पूर येऊन त्याचं पाणी विहिरीच्या तोंडाशी लागलं होतं, त्या दिवसांतही तू चिखल तुडवत गेलीस. तुझे गुडघे दुखायचे. डोक्यावरची पहिली घागर तिच्या दारात उतरवायचीस, आपल्या घरची दुसऱ्या खेपेला. तुझ्या मायेबद्दल मला शंका नाही, माय. मला त्या मायेचाच राग येतो. तू दुष्ट असतीस तर मी तुझा हात धरला असता.

पुढे गल्लीत काविळीची साथ आली. सात-आठ जण पडले आणि उठले. रोहणावालीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कोणीतरी काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली, माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणून. तू रोज जाऊन ती माळ बोटांनी मोजायचीस. वर्ध्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं की गरोदरपणात पाण्यातून आलेली कावीळ फार वाईट. ती गेली आणि लेकरूही गेलं. नवऱ्याने डॉक्टरांचं बोलणं ऐकलं, पण कोणतं पाणी ते त्याला कोणी सांगितलं नाही. आपल्याकडे लोक म्हणाले नशीब, नजर, गरम पडलं. तू पण मान हलवलीस.

आणि तुला कळलं होतं. तिचा दहावा झाला त्या दिवशी तू घागर उचललीस, दारापर्यंत गेलीस, परत फिरलीस आणि नळाखाली लावलीस. त्यानंतर मरेपर्यंत तू टाकीचंच पाणी प्यायलीस. वास येतो म्हणाली नाहीस, दाळ कच्ची राहिली तरी म्हणाली नाहीस. मी वाट पाहत होतो. तू एकदा गल्लीत उभी राहून म्हटलं असतंस, "बायांनो, विहिरीचं पेऊ नोका," तर माझ्या दहा वर्षांच्या दवंडीपेक्षा जास्त काम झालं असतं. तुझ्या एका घागरीमागे सगळ्या चालत होत्या, तुझ्या एका शब्दामागेही चालल्या असत्या. पण तू ओठ शिवून बसलीस. गल्ली आणखी किती वर्षं तेच पाणी पीत राहिली. मी चोरासारखा जाऊन विहिरीत पावडर ओतून यायचो आणि बाया मला शिव्या द्यायच्या, तेव्हाही तू तांदूळ निवडत गप्प बसायचीस. हा माझा खरा राग आहे. न कळण्यावर कोण रागावेल? तुला कळलं आणि तू ते गिळलंस.

म्हणून परवा मी उभा राहिलो. म्हणालो, पावडर टाकावीच लागेल, टाकली नाही तर मी त्या मोटरीला हात लावणार नाही. लोक हसले. एक जण म्हणाला, "तुई माय असती तर चपलेनं मारलं असतं तुले." मग माझा तोल गेला आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की रोहणावाली त्याच पाण्याने गेली, माझ्या मायने आणून दिलेल्या पाण्याने. तिचा नवरा मागे खांबाला टेकून बसला होता. आता केस पिकले, दुसरं लग्न केलं नाही त्याने. तो हळूच उठला आणि मला म्हणाला, "तवा तू कोनतं पानी पेत होता?"

"टाकीचं," मी म्हणालो.

त्याने पायात चपला सरकवल्या. "म्हंजे तुले मालूम होतं," म्हणाला, आणि निघून गेला.

ठरावातली ती ओळ खोडली. आता पावडर पडेल, मीच टाकीन. पाटी मात्र लागणार आहे.

मी खोटं बोललो, माय. तुझ्या दुसऱ्या खेपेची घागर मीच रिकामी करायचो. टाकीवरून घरी आलो की पहिला गडू तिच्यातला, वरण तिच्यातलं, चहा तिच्यातला. टाकीचं पाणी मलाही नको वाटायचं. बादली ढवळायचो ती नोकरी म्हणून, पिवळा रंग पाहायचो तो वहीत लिहायचा असतो म्हणून. रोहणावाली माझ्या सांगण्यावरून नळाचं पीत होती आणि मी पीत नव्हतो. तू तिची घागर मोरीत ओतलीस तेव्हा मी ओसरीवर होतो. मला आवाज आला होता आणि मला काहीच वाटलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला वाटतं की मला मालूम असूनही मी गप्प राहिलो. मला मालूम नव्हतं, कागद वाचूनही माझा त्यावर विश्वासच नव्हता, आणि हे मी भर सभेत बोलू शकलो नाही.

हे तुला पाठवता येत नाही. ज्याला सांगायला हवं तो समोरच्या घरात राहतो, आज सकाळपासून त्याचं दार उघडं आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.